हुंगणीचं माप

विश्वजीत हल्ली घरात येताना खाकरत नाही. दुसरं काहीही केलं असतं तरी मी पोटात घातलं असतं. पिऊन आला असता तर लिंबू पिळून पाजलं असतं आणि सकाळी शिव्या घातल्या असत्या. पण खाटकाच्या घरातला बाप्या दारात खाकरत नाही म्हणजे काय? आमच्यात पोराला मिसरूड फुटायच्या आधी खाकरायला शिकवतात. घरात बायका असतात, कुणी न्हात असतं, कुणी पाजत असतं, हे एक. आणि मागे गोठ्यात बकरी असतात, हे दुसरं. बकऱ्याच्या मागून मुक्यानं जायचं नाही. आधी घसा साफ करायचा, मग हाक मारायची, मग पाठीवर हात ठेवायचा. भेदरलेल्या जनावराचं मटण काळं पडतं, चिवट होतं, शिजता शिजत नाही. आमच्या मालकांनी उभी हयात या धंद्यात काढली, पण त्यांच्या हातात एक बकरं ओरडत मेलं नाही.

आणि त्यांचा हा दिवटा! भर दुपारी मांजरासारखा आत आला. सून प्राजक्ता शेगडीपुढे उभी होती, रश्श्याला उकळी फुटली होती. हा तिच्या मानेमागं जाऊन नुसता उभा राहिला. बोलला नाही, शिवला नाही. मानेवर श्वास लागला तशी ती किंचाळली आणि पातेलं पायावर घेतलं. पावलाचं कातडं उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सुटून आलं.

मी माजघरातनं धावत आले. "मुडद्या, तोंड शिवलंय का तुझं?"

"बघत हुतो आये," तो म्हणाला. "किती दचकती त्ये."

"आनी?"

"चांगली दचकती." असं म्हणून त्यानं पोरीच्या पायावर माठातलं पाणी ओतलं. ओतलं ते मायेनं ओतलं, हेही मी बघितलं. त्यामुळंच मला जास्त घाण वाटलं.

माझा पोरगा असा जन्मला नव्हता. त्याला तसा कुणी आणि कशानं केला ते सांगायचं तर हुंगणीपासून सुरुवात करायला लागेल.

आमचं तासगड नदीकाठी आहे आणि आमची खाटीक गल्ली गावाच्या उताराला. सगळ्या गल्लीचा धंदा एकच. टाकीतलं मटण बाजारात आलं आणि तो बसला. बकऱ्याच्या अंगातला चिमूटभर मांसाचा तुकडा घेतात, कारखान्यात टाकीत वाढवतात. हाड नाही, रक्त नाही, पाप नाही, अशी जाहिरात. निम्म्या भावात. माणसं आधी हसली, मग खाल्ली, मग आमच्याकडं फिरकेनाशी झाली. गल्लीतल्या सुऱ्या गंजल्या. दोन तरणीताठी पोरं आपल्याच दुकानातल्या आकड्यांना लटकली.

तोवर सरकारची मदत म्हणजे अर्ज, दाखले आणि दाखले देणाऱ्याचा चहा. ज्याला अर्ज भरता येई तो खाई, ज्याला नाही तो बसे. मग नवा कायदा आला. त्याचं मोठं नाव होतं, जनकल्याण मोजमाप असं काहीतरी. आम्ही म्हणायचो हुंगणीचा कायदा. प्रत्येक गल्लीचं सांडपाणी जिथं मोठ्या गटाराला मिळतं, तिथं हंड्याएवढं एक यंत्र बसवलं. ते पाणी हुंगतं आणि गल्ली किती भ्यालीय, किती उपाशी आहे, ते सांगतं. अर्ज नाही, दाखला नाही. माणूस खोटं बोलतो, मूत खोटं बोलत नाही.

यंत्र बसवायला पेंडसे बाई म्हणून शास्त्रज्ञ आली होती. बारीक, चष्मेवाली, पायात गमबूट. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून चहा प्याली आणि मी विचारलं तसं सगळं सांगत गेली.

"आक्का, माणूस घाबरला, काळजीत पडला, की मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात..."

"गुर्द्यावरची गाठ. चरबीत दडलेली. आम्ही काढून टाकतो ती."

बाई हसली. "तीच. ती रक्तात कॉर्टिसॉल सोडते. काम झालं की यकृत त्याचे तुकडे करतं, आणि ते लघवीवाटे बाहेर पडतात. तसंच, उपाशी शरीर स्वतःचं मांस जाळायला लागलं की त्याची वेगळी राख पडते. यंत्र दोन्ही मोजतं."

"आनी जत्रेला पावणं आलं, मग? मूत वाढलं म्हंजे भ्या वाढलं का?"

"नाही. प्रत्येक माणूस रोज साधारण सारखंच टाकतो असंही एक द्रव्य आहे. त्यावरून यंत्र आधी डोकी मोजतं, मग भीतीला डोक्यांनी भागतं."

माझी शाळा चौथीच्या आतली, पण हे मला पटलं. कुणापुढं हात न पसरता कुणाला तरी आपलं दुखणं कळतंय, यात काय वाईट?

आणि खरंच, पहिली तीन-चार वर्षं कायद्यानं सोनं केलं. हुंगणीनं आमच्या गल्लीचा आकडा वर पाठवला आणि न मागता धान्य आलं. पोरांच्या फिया माफ झाल्या. दवाखाना आला. ज्या गल्लीचं माप भरतं, म्हणजे ज्या गल्लीत दुःख पुरेसं आहे, तिथं कारखाना काढणाऱ्याला करमाफी होती. म्हणून एका शेठनं आमच्या गल्लीच्या तोंडाला शर्टाचा कारखाना घातला. बायका मशीनवर बसल्या. प्राजक्ता तर हातोहात मुकादम झाली. घरांवर मजले चढले. आमच्या घरावरही चढला. माझी नात ओवी इंग्रजी शाळेत जायला लागली आणि मला 'आज्जी, तुला काही कळत नाही' असं म्हणायला लागली.

गल्ली जेवायला लागली. गल्ली झोपायला लागली. त्यामुळं माप उतरलं.

कायदा असा होता, की तिमाहीच्या शेवटच्या आठवड्याचं माप धरायचं. सरकारनं आखलेल्या रेघेच्या वर असलात तर सगळं मिळणार. रेघेच्या खाली केसभर गेलात तरी धान्य बंद, फी चालू, कारखान्याची करमाफी रद्द. शेठनं गेटवर उभं राहून सांगितलं, "माफी गेली की मी दुसऱ्या गावी जाणार. माझा तुमच्यावर राग नाही, पण मी काही धर्मशाळा काढलेली नाही." त्या धसक्यानं गल्लीला अशी भीती बसली, की माप आपोआप भरलं! आम्ही हसलो. पण त्याच गोष्टीला माणूस दर तिमाहीला कितीदा भिणार?

मग लबाडी सुरू झाली. गटारात बकऱ्यांचं मूत ओतलं. हुंगणीनं ओळखलं, दंड झाला. कुणीतरी कॉर्टिसॉलच्या गोळ्या आणून गटारात विरघळवल्या. यकृताचे तुकडे त्यात नव्हते, पुन्हा दंड. मग गोळ्या माणसांनी गिळल्या. तेही पकडलं. पेंडसे बाई फोनवर म्हणाली, "आक्का, गोळी वनस्पतीपासून बनते. तिच्यातला कार्बन माणसाच्या कार्बनपेक्षा केसभर हलका असतो. यंत्राला कळतं." थोडक्यात, भीती खरीच पाहिजे होती. जित्या माणसाच्या पोटातून आलेली.

त्यापायी मरगाईच्या देवळात गल्लीची बैठक बसली. आणि तिथं आमच्या लोकांनी जी चूक केली, ती आमच्याच लोकांच्या हातनं होऊ शकते.

मरगाईच्या जत्रेचा बकरा आमच्यात पाळीनं असतो. एका वर्षी एका घराचा. ज्याची पाळी त्यानं कुरकुर करायची नाही. त्या बकऱ्याच्या गळ्यात देवीचं पितळी घुंगूर बांधतात. एरवी ते देवळातल्या खुंटीला असतं. घुंगूर बांधलेला बकरा महिनाभर गल्लीत मोकळा फिरतो. त्याला कुणी हाकलायचं नाही, मारायचं नाही, त्याच्यावर ओरडायचं नाही. तो देवीचा झाला.

विश्वजीत उभा राहिला. "जत्रेवानीच पाळी लावू. एका तिमाहीला एका घरानं सोसायचं. बाकीच्यांनी निस्तं बघायचं. बघनाऱ्यालाच जास्त भ्या वाटतं. एका बकऱ्यापुढं दुसरं कापलं की दुसऱ्याचं मटण काळं पडतं, बाबानंच शिकिवलंय."

"त्यांनी बघू दिऊ नगो म्हनून शिकिवलं, शहाण्या!" मी बायकांतनं ओरडले. "उलटं धरलंस पुस्तक."

"मग तू सांग दुसरा उपाव, आये."

"उपाव म्हंजे माप न भरनं. कारखाना जाईल, जाऊ दे. आम्ही काय आईच्या पोटातनं शर्ट शिवत आलो?"

कुणी माझ्याकडं बघितलं नाही. ज्यांच्या घरावर मजला चढला होता ते सगळे जमिनीकडं बघत होते. शेवटी हात वर झाले. पाळी आहे म्हणजे अन्याय नाही, एवढंच त्यांना दिसलं. देवीला बकरा देतात तसा माणूस द्यायचा ठरला आणि गल्लीनं पेढे खाल्ले.

पहिली पाळी महिपतीतात्याची. आमच्या समोरचं दुकान. तात्या गल्लीचा विदूषक. सांगून-सवरून पोरं मारायला आली, तर हा खुर्ची टाकून बसलेला. "या या. चष्मा काढून ठिवतो, बाकी मालक तुमी." पोरांनी दोन-चार चापट्या मारल्या, तात्यानं प्रत्येक चापटीला "आई गं, मेलो गं" म्हणून असा आवाज काढला की बायका हसून हसून खाली बसल्या. त्या आठवड्यात माप आणखी उतरलं. गल्ली कशीबशी वाचली, ती आठवडा संपायच्या आत एक घर जळालं म्हणून.

विश्वजीतनं त्यावर अभ्यास केला. खरंच अभ्यास केला. फोनवर हुंगणीचा रोजचा आकडा दिसतो, त्यापुढं बसायचा. सांगून मारलं की भीती कमी. ठाऊक नसलं की जास्त. म्हणून त्यानं चिठ्ठ्या सुरू केल्या. चिठ्ठी तोच काढणार, नाव कुणाला सांगणार नाही. आणि खाकरणं सोडलं.

पुढच्या तिमाहीत पहिली चिठ्ठी पुन्हा महिपतीतात्याचीच निघाली म्हणे.

सकाळची वेळ होती, दुकानाच्या फळ्या नुकत्या उघडलेल्या. तात्या पाठमोरा ओंडक्यावर मीठ घासत होता. विश्वजीत आणि त्याचे दोन सोबती आत शिरले ते मला माझ्या पायरीवरनं दिसले, ऐकू मात्र आले नाहीत. तात्याच्या तोंडात फडकं कोंबलं. त्याला पालथा पाडून घोट्यांना दोर बांधला आणि बकरं टांगतात त्या लोखंडी दांडीला उलटा टांगला. तात्याचा डोळा मला दिसला, एकच, बकऱ्याच्या डोळ्यासारखा आडवा. मग एका सोबत्यानं त्याचा हात ओंडक्यावर धरला आणि विश्वजीतनं कोपरावर लाकडी मोगरी घातली. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला.

"सगळ्यांनी उभं ऱ्हावा!" विश्वजीत ओरडला. "कुनी दार लावायचं न्हाई."

कारखान्याच्या गेटवर बायका उभ्या होत्या. शेठनं तेवढ्यापुरती मशीनं बंद केली होती. विश्वजीतनं बापाची सुरी काढली, दगडावर घासली, तात्याच्या गळ्याला टेकवली आणि तशीच धरून ठेवली. काहीच करेना. ते काहीच न करणं सगळ्यात वाईट होतं. तात्याची सून जमिनीवर डोकं आपटायला लागली. तिच्या कपाळाचं रक्त भुवईत उतरलं तरी ती थांबेना. तात्याचं मूत त्याच्याच छातीवरनं वाहत नाकातोंडात गेलं, तसा विश्वजीत मागं वळून म्हणाला, "बघा. ह्येच पायजेल हुंगणीला."

मी सुरीवर धावून गेले. सोबत्यानं मला ढकललं, उंबऱ्यावर माझे दोन दात पडले. ते मी वेचून पदरात बांधले आणि विश्वजीतच्या अंगावर थुंकले. त्यानं पुसलंही नाही.

माप भरलं. नुसतं भरलं नाही, ओसंडलं. शेठनं गल्लीला बोनस वाटला. तात्याच्या सुनेनंही घेतला. न घेऊन काय करणार होती?

पावसाळ्यानंतर पेंडसे बाई यंत्र साफ करायला आली. मी तिचा हात धरून तिला तात्याकडं नेलं. त्याचा हात वाकडा जुळला होता आणि तो आता विनोद करत नव्हता. दारात सावली हलली की कानावर हात ठेवून खाली बसायचा. बाई पांढरीफटक पडली.

"मला आकड्यांत दिसत होतं, आक्का. मोजणीच्या आठवड्यात कित्येक गावांची भीती डोंगरासारखी उभी राहते. मी वर कळवलंय."

"मग वरचं काय बोललं?"

"म्हणाले, यंत्र बिघडलंय का? नाही. भीती खोटी आहे का? नाही. मग मदत द्यायला हरकत काय?" ती चष्मा पुसत राहिली. "मी सुरुवातीलाच उतार मागितला होता. माप जसं घटेल तशी मदत थोडीथोडी घटावी, म्हणजे बरं होण्याची कुणाला शिक्षा होणार नाही. त्यांनी पायरी केली. पायरीचा हिशेब सोपा असतो."

"पायरीवरनं पडलं की हाडं मोडतात, बाई. ही बघा मोडलेली. घ्या, ही बी मोजा."

बाईनं पोलिसांचं नाव काढलं, तशी तात्याची सून पटकन म्हणाली, "मामंजी जिन्यावरनं पडल्यात." गल्लीतल्या कुणालाही विचारा, सगळ्यांनी तो जिना बघितलेला होता. तात्याच्या घराला जिना नाही.

जाताना बाई रडली. मी तिला सांगितलं, "रडू नका, तुमचं बी मापात धरतील." मला तिचा राग नव्हता. पण ज्यानं सुरी बनवली त्यानं मुठीचा विचार करायला नको?

आता पुन्हा मोजणीचा आठवडा आला. प्राजक्ताच्या पायाला पट्टी बांधलेली होती. माप रोज रेघेला टेकायचं आणि मागं यायचं. विश्वजीत जेवायचा नाही. आणि शेवटच्या दिवशी सकाळी तो घरात गरम जिलेबी घेऊन आला.

ओवीला मांडीवर घेतलं, तिची वेणी स्वतःच्या हातानं घातली, वाकडीतिकडी. जिलेबीचा एकेक तुकडा मोडून तिला भरवला. "खा माझी बाय, सावकाश खा." तिच्या पाठीवरनं हात फिरवला. पोरगी खुलली. कितीतरी दिवसांत तिच्या पप्पानं तिला जवळ घेतलं नव्हतं.

आमचे मालक कापायच्या सकाळी बकऱ्याला असाच शेवरीचा पाला हातानं भरवायचे. असाच हात पाठीवरनं फिरवायचे.

ओवी शाळेचं दप्तर आणायला वर गेली, तशी मी त्याच्यापुढं उभी राहिले. "कुनाची चिठ्ठी निघाली?"

"चिठ्ठी काढलीच न्हाई."

"विशू, माझ्या डोळ्यांत बघ."

त्यानं बघितलं. डोळे लाल होते, पण थरथरत नव्हते. "गल्ली म्हनायला लागलीया, विश्वजीत दुसऱ्याची घरं मोडतो, सोताचं सांभाळतो. त्यांचं भ्या गेलंय आये. आज मी माझी पोरगी टांगली, तर उद्यापास्नं कुनाला वाटनारच न्हाई की आपन सुटू. वर्षभर मग कुनाला हात लावाया नगो. हिशेब कर तू."

"मला हिशेब येत न्हाई. पोटची पोर हाय ती."

"सुरी लावनार न्हाई. निस्ती टांगनार, पाच मिनटं. तिची फी कुठनं येती? हा वरचा मजला कशाचा? तुझ्या बीपीच्या गोळ्या? तुमी सगळ्यांनी खाल्लं आनी माझ्या हातावर थुकलासा. मी काय मजा म्हनून करतो? त्यांनी कायदा केला तसा मी झालो!"

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं माझे दोन्ही दंड धरले, मला उचलून माजघरात ठेवलं, जसं जड पोतं ठेवतात, आणि बाहेरनं कडी घातली. जिन्यावर ओवीची पावलं वाजली. मग तिचं एकच "पप्पा, कुठं चाललोय?"

माजघराला मागं गोठ्याचं दार आहे. तो स्वतःच्या घरात वाढून ते विसरला, कारण गोठ्यात त्यानं कित्येक महिन्यांत पाऊल टाकलं नव्हतं. मी खुंटीवरचा सत्तूर घेतला, मालकांचा, रुंद पात्याचा. बकऱ्यांमधून वाट काढत मागच्या बोळानं चौकात आले.

सगळी गल्ली उभी होती. कारखान्याच्या बायका गेटवर, पुढं प्राजक्ता. तिला एका सोबत्यानं केसांना धरून गुडघ्यांवर बसवलं होतं, तिच्या ओठातनं रक्त गळत होतं. महिपतीतात्या आपल्या दुकानात कानावर हात ठेवून बसला होता. दांडी त्याच्याच दुकानाची. विश्वजीतनं ओवीच्या एका घोट्याला दोर बांधला होता आणि तो तिला दांडीकडं वर ओढत होता. पोरगी ओरडत नव्हती. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. असा आ मी जनावराचाही बघितला नाही.

मी त्याच्या पाठीशी पोचले. अनवाणी होते, त्याला कळलं नाही. सत्तूर वर गेला होता, त्याची मान माझ्यापुढं उघडी होती. लहानपणी ज्या मानेला तेल चोळलं ती.

मी खाकरले.

सवय जुनी असते. तो दचकून वळला, लहानपणी वळायचा तसा. मी सत्तूर उलटा केला आणि पात्याची पाठ त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडलं. दुसरा घाव खांद्यावर घातला. तो गुडघ्यांवर आला, दोर सुटला, आणि ओवी फरशीवर पडली. प्राजक्तानं केस धरणाऱ्या हाताचा लचका तोडला आणि सरपटत पोरीवर पालथी पडली. दुसरा सोबती मागून माझा गळा आवळायला लागला, माझ्या डोळ्यांपुढं काळे ठिपके आले. तेवढ्यात त्याच्या कानशिलावर दोन किलोचं लोखंडी वजन बसलं. महिपतीतात्या. एका हातानं. "दुकान माझं हाय," तो रडत रडत म्हणत होता, "दुकान माझं हाय."

मग गल्ली सुटली. इतके दिवस कोंडलेलं सगळं विश्वजीतवर पडलं. लाथा, चपला, पाटे. त्याचे दात फरशीवर पडलेले मी बघितले. माझे पडले होते तिथंच, जवळपास. तात्याच्या सुनेनं त्याच्या पोटावर उडी मारली. कुणीतरी दोर पुन्हा दांडीवर टाकला, आता त्याच्यासाठी. मी बघत उभी राहिले. खोटं कशाला सांगू, त्यांना थांबवायला हात वर झाला नाही माझा.

तेवढ्यात मागून एक गडी फोन नाचवत ओरडला, "मारा, आनी मारा! आज माप भरतंय बघा!"

आणि लोकांना चेव आला. बघा तुम्ही, चेव आला! त्याला मारलं म्हणजे राग निघणार आणि वर धान्यही मिळणार. माझ्या पोरानं शिकवलेलं सगळं गल्ली पाठ म्हणत होती.

मी देवळात गेले. मरगाईच्या खुंटीवरनं पितळी घुंगूर काढलं आणि सत्तुरानं वाट करत गर्दीत शिरले. दोघांना पात्याची पाठ बसली, एकीचा दंड कापला गेला. दोर त्याच्या गळ्यात पडला होता तो मी तोडला, आणि त्या जागी घुंगूर बांधलं. गाठ मागं मारली, करकचून.

हात थांबले. घुंगूर बांधलेल्याला आमच्या गल्लीत कुणी मारत नाही. रागानं लाल झालेली माणसं तिथंच धापा टाकत उभी राहिली. विश्वजीत रक्ताच्या थारोळ्यात बसला होता, एक डोळा मिटलेला. त्यानं मान वर केली, तसं ते वाजलं. प्राजक्ताच्या कुशीतली ओवी त्या आवाजानं आईला आणखी बिलगली.

"आये," तो म्हणाला, "मला मरू द्याचं हुतंस."

मी सत्तूर ओंडक्यावर मारून उभा केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं त्याला सांगितलं.

"मरून सुटशील, म्हनून न्हाई. ऐक विशू. आजपास्नं ह्या गल्लीचं माप भरनार न्हाई. शेठ जाईल, प्राजक्ताचं मशीन जाईल, वरचा मजला इकायला लागंल. त्यापायी ह्या बायका मला शिव्या देतील, त्या मी खाईन. कायदा कुनी केला त्यांचं त्यांना, पर मोगरी तुझ्या हातात हुती. तू हितंच ऱ्हायाचं. एका हातानं तात्याचं दुकान झाडायचं, त्याचा दुसरा हात म्हनून. आनी ह्ये घुंगूर तुझ्या गळ्यातनं काढायचं न्हाई, निजताना बी न्हाई. तू येतोयस ते माझ्या नातीला चार घरं आदी कळलं पायजे. खाकरायची लाज वाटत हुती न्हवं तुला? आता वाज."